पडद्यावरचे घर, घरातले कष्ट: चित्रपटातील लिंगभाव आणि वर्ग कसे वाचावेत

चित्रपट संपला की आपण बहुधा कथेविषयी बोलतो. नायिका खंबीर दाखवली आहे, गरिबांची बाजू घेतली आहे, शेवट हादरवून टाकतो, अशी वाक्ये चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंत बोलून होतात आणि विषय संपतो. कथा ही मात्र दिग्दर्शकाने विचारपूर्वक मांडलेली गोष्ट असते. घरातली भांडी कोण घासते, पाहुणे आल्यावर खुर्चीवरून कोण उठते, कोण कोणाला ‘अहो’ म्हणते आणि कोणाला नुसतीच हाक मारली जाते, हे तपशील पुष्कळदा सवयीने पडद्यावर येतात, आणि स्त्री-पुरुषांविषयी व गरीब-श्रीमंतांविषयी चित्रपटकर्त्याची खरी समजूत काय आहे ते तिथेच सापडते. हे तपशील पकडायचे कसे, याची एक पद्धत या लेखात टप्प्याटप्प्याने मांडली आहे. ती एकट्याने वापरता येते आणि पाच-सहा जणांच्या गटातही. त्यासाठी एक चित्रपट, एक वही आणि दोन मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

दुसऱ्या संध्याकाळवर माझा भर का आहे, ते आधी सांगतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सरकारी वकील नूतन यांचा राग आला होता. एका वृद्ध लोकशाहिरावर मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवलेला असतो, आणि या बाई कायद्याची कलमे एका सुरात वाचत सुटतात. दुसऱ्यांदा पाहताना मी केवळ त्यांच्या मागे मागे गेलो. न्यायालयातून निघून त्या लोकलने घरी जातात, वाटेत मुलाला घेतात, घरी पोचल्यावर स्वयंपाकाला लागतात, तेव्हा घरातले बाकीचे दूरदर्शन संचासमोर असतात. बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा मात्र स्वतःच्या मोटारीत संगीत ऐकत जातात आणि मोठ्या दुकानात वाइन व चीज निवडतात. मानवी हक्कांची भाषा ज्याच्या तोंडी आहे त्याला घरी गेल्यावर भाजी चिरावी लागत नाही, आणि जिच्या तोंडी शासनाची भाषा आहे तिचा दिवस न्यायालय सुटल्यावरही संपत नाही. यामुळे नूतन यांचा युक्तिवाद मला पटू लागला असे नाही. त्या चित्रपटात वर्ग आणि लिंगभाव एकमेकांना कसे छेदून जातात, हे मात्र तेव्हा प्रथमच दिसले.

पहिली पायरी: आधी नुसता पाहा, मग नावे लिहा

पहिल्या वेळी वही उघडू नये. रडू आले तर रडावे, हसू आले तर हसावे. चित्रपटाने आपल्याला कुठे ओढले ते ठाऊक असल्याशिवाय पुढचे काम कोरडे होते. चित्रपट संपल्यावर लगेच, कोणाशी बोलण्याआधी, आठवतील तेवढ्या पात्रांची नावे लिहून काढावीत. ज्यांचा चेहरा आठवतो पण नाव आठवत नाही, त्यांची वेगळी यादी करावी. या दुसऱ्या यादीत मोलकरीण, चालक, पहारेकरी, चहा आणणारा पोरगा आणि नायकाची बहीण एकत्र आलेली दिसली, तर पहिला निष्कर्ष हाती आला असे समजावे.

हिंदी चित्रपटांच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाने या यादीत आणखी एक खूण करावी: नावाने ‘बाई’ असलेली, नऊवारी नेसलेली, मोडके हिंदी बोलणारी स्त्री कोणत्या कामाला लावली आहे? अनेक दशके मुंबईच्या कथांमधून ती झाडू-पोछा करत आली आणि तिच्याच गावचा पुरुष हवालदाराच्या गणवेशात उभा राहिला. ही आपलीच माणसे असल्यामुळे त्यांचे ठराविक साचे आपल्याला चटकन खटकतात. एकदा ती खटक अंगवळणी पडली, की इतर समाजांचे साचेही ओळखू येऊ लागतात.

नाव नसणे हा नेहमीच दोष नसतो, हेही लक्षात ठेवावे. जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ (2021) या मल्याळम चित्रपटात नायिकेला आणि तिच्या नवऱ्याला मुद्दामच नावे दिलेली नाहीत. हे कोणत्याही घरातले असू शकते, असे त्यातून सुचवायचे आहे.

दुसरी पायरी: हातांकडे पाहा

दुसऱ्या संध्याकाळी वही उघडावी आणि एका पानावर फक्त कष्टांची नोंद करावी. कोण काय काम करते, ते काम पडद्यावर किती वेळ दिसते, आणि ते पुरे होताना दिसते की मधेच तोडले जाते? ही माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

बहुतेक चित्रपटांत स्वयंपाक म्हणजे एक फोडणी आणि एक हसणारा चेहरा असतो. ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये चिरणे, वाटणे, शिजवणे, वाढणे, उष्टे उचलणे, ओटा पुसणे हे पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत दाखवले आहे, आणि तो कंटाळा हेच त्या चित्रपटाचे म्हणणे आहे. सासऱ्यांना भात चुलीवरचाच लागतो, कपडे यंत्रात धुतलेले चालत नाहीत. मोरीच्या नळीतून घाण पाणी गळत राहते, नवऱ्याला प्लंबर बोलवायला सांगितले तरी तो विसरतो, आणि रोज ते पाणी जमा झालेले भांडे नायिका उपसते. शेवटी तेच पाणी ती नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या अंगावर फेकते. त्या क्षणी टाळी पडते खरी. ती टाळी कोणत्या संवादाने मिळवलेली नाही. आधीच्या तासाभरात ते भांडे आपण कितीदा पाहिले, त्यातून ती आलेली आहे. गळतीची दृश्ये मोजून बघा.

याच चित्रपटात वर्गाचा धागा कुठे आहे, तो शोधणे हा उत्तम सराव आहे. नायिकेची पाळी येते तेव्हा तिला स्वयंपाकघरात जाण्यास मनाई होते, आणि तिच्याऐवजी कामाला एक बाई येते. गप्पांच्या ओघात ही बाई सांगते, की तिला स्वतःला पाळी असते तेव्हा ती कोणाला सांगतच नाही आणि कामे करते, कारण घरी बसले तर पोट भरणार कसे? विटाळ पाळण्यासाठीसुद्धा ऐपत लागते, हे दोन-चार वाक्यांत सांगून जाणारी ही बाई पहिल्या यादीत तुमच्या लक्षात होती का, ते तपासावे.

अनुभव सिन्हा यांचा ‘थप्पड’ (2020) याच नजरेने पाहता येतो. सुखवस्तू घरातल्या अमृताला नवऱ्याने भर समारंभात मारलेल्या एका थपडेवर सारा चित्रपट उभा आहे. तिच्या घरी काम करणारी सुनीता नवऱ्याचा मार नेहमीच खाते. दोघींच्या वाट्याला पडद्यावरचा वेळ किती आला, कोणाची थप्पड ‘घटना’ ठरली आणि कोणाची ‘दिनक्रम’, हे घड्याळ लावून लिहावे. दिग्दर्शकाने सुनीतेला कथेत जाणीवपूर्वक ठेवले आहे हे त्यांचे श्रेय. तिला पुरेशी जागा मिळाली का, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या नोंदीवरून द्यावे.

तिसरी पायरी: कोण कुठे बसते

वहीच्या नव्या पानावर घराचा ढोबळ नकाशा काढावा. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, नोकराची खोली, जिना, गच्ची. त्यावर प्रत्येक पात्र कुठे कुठे जाऊ शकते त्याच्या रेघा माराव्यात. अर्ध्या तासात नकाशा बोलू लागतो.

रोहेना गेरा यांचा ‘सर’ (2018) या पायरीसाठी अतिशय योग्य आहे. रत्ना ही खेड्यातून मुंबईत आलेली तरुण विधवा, एका श्रीमंत तरुणाच्या सदनिकेत राहून घरकाम करते. तिची लहानशी खोली आणि अश्विनची प्रशस्त खोली यांच्यात एकच भिंत आहे. कॅमेरा आडवा सरकत एका खोलीतून दुसरीत जातो, तेव्हा ती भिंत पडद्यावर जाडसर पट्ट्यासारखी दिसते. दोन माणसे काही फुटांवर झोपलेली आहेत आणि दोन वेगळ्या देशांत असल्यासारखी आहेत. रत्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवते. कपड्यांच्या महागड्या दुकानात ती नुसते पाहायला शिरते, तर तिला हाकलले जाते. आणि गावाहून मुंबईला परत येताना ती हातात बांगड्या भरते, कारण गावात विधवेला त्या घालता येत नाहीत. या एका कृतीत शहराविषयी केवढे तरी सांगून झाले आहे. ज्या घरात ती मोलकरीण आहे, त्याच शहरात तिला मनगटापुरते स्वातंत्र्य आहे. वर्गाच्या दृष्टीने तिला खाली ढकलणारी जागा लिंगभावाच्या दृष्टीने तिला थोडी मोकळी करते, ही गुंतागुंत नोंदवहीत अवश्य उतरली पाहिजे.

चौथी पायरी: हाका ऐका

आता दहा मिनिटे डोळे मिटून फक्त आवाज ऐकावा. मराठी प्रेक्षकाला येथे एक उपजत फायदा आहे, कारण अरे, अहो, अगं, तू, तुम्ही, आपण यांचे बारकावे आपण लहानपणापासून जगत आलो आहोत. कोण कोणाला एकेरीत बोलते आणि उलट उत्तर कोणत्या वचनात येते, एवढे लिहिले तरी पात्रांची उतरंड कागदावर उभी राहते. वयाने मोठ्या कामवाल्या बाईंना घरातले शेंडेफळ एकेरी हाक मारते का? नवरा बायकोला नावाने बोलावतो आणि बायको नवऱ्याचे नाव टाळते का? एखादे पात्र रागावल्यावर वचन बदलते का?

‘सर’ या चित्रपटाचे नावच एक हाक आहे. संपूर्ण चित्रपटभर रत्ना त्याला ‘सर’ म्हणते, त्याने नको म्हटले तरी म्हणते, आणि अगदी शेवटी एकदाच त्याचे नाव उच्चारते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (2016) आर्ची दमात घेते, मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का असे विचारते, तेव्हा सारे सभागृह खूश होते. ती हिंमत मुलगी म्हणून आहे आणि पाटलाची लेक म्हणूनही. गावात तिच्या प्रियकराच्या, पर्शाच्या तोंडी असा दम शोभला असता का, हा प्रश्न त्या दृश्याशेजारी लिहून ठेवावा.

पाचवी पायरी: आवाज बंद करा

आधीच्या पायरीच्या नेमके उलटे, आता आवाज बंद करून दहा मिनिटे पाहावे. संवाद आणि संगीत गेले की कॅमेरा काय करतो ते उघडे पडते. स्त्रीचे शरीर तुकड्यातुकड्यांत दाखवले आहे की ती चौकटीत पूर्ण आहे? मजूर गर्दी म्हणून दिसतात की त्यांतल्या एखाद्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो? ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 मध्ये ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना मांडली ती अशाच निरीक्षणांतून. आपल्याकडे त्या नजरेला मालकाची नजरही जोडून घ्यावी लागते.

उलट उदाहरण हवे असेल तर पा. रंजित यांच्या ‘काला’मधील (2018) धारावीतले एक दृश्य पाहावे. अंजली पाटील यांनी रंगवलेल्या तरुणीचे कपडे पोलीस ओरबाडतात. ती जमिनीवर पडलेल्या वस्त्राकडे हात नेते न नेते तोच जवळची काठी उचलते. आजवरच्या शेकडो चित्रपटांनी अशा प्रसंगी स्त्रीला अंग झाकायला लावले होते. येथे तिचा हात कोणत्या वस्तूकडे वळला, एवढ्यानेच प्रसंगाचा अर्थ पालटतो.

येथेच बेक्डेल चाचणीचा उल्लेख करायला हवा. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 मधील एका चित्रपट्टीतून ती आली. चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज अन्य विषयावर बोलाव्यात, एवढीच तिची अट. सुरुवातीला ती उपयोगी पडते. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ (2023) हा मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींचा चित्रपट ती सहज पार करेल. पण या चाचणीत वर्गाला जागाच नाही. म्हणून मी गटाला चौथी अट जोडायला सांगतो: बोलणाऱ्या स्त्रियांपैकी एक दुसरीच्या घरी पगारावर काम करत असेल, तर त्यांचे बोलणे कामाच्या हुकमापलीकडे जाते का?

सहावी पायरी: आडनाव विचारा

भारतीय चित्रपटातला वर्ग जात बाजूला ठेवून वाचता येत नाही, आणि मुख्य प्रवाहातल्या हिंदी चित्रपटाने नेमके तेच करण्याची सवय आपल्याला लावली. ‘दीवार’मधील (1975) विजय हा गोदीत हमाली करणारा, अन्यायाविरुद्ध उभा राहणारा गरीब, पण त्याचे आडनाव वर्मा आहे आणि त्याच्या दारिद्र्याचा जातीशी कुठलाही संबंध कथेत येत नाही. या कोऱ्या गरिबीमुळे सर्व प्रेक्षकांना नायकात स्वतःला पाहता आले, हे खरे. हमाली किंवा मैला उपसणे कोणाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या येते, हा प्रश्न मात्र त्यामुळे पडद्याबाहेर राहिला. ‘कोर्ट’मध्ये तो परत आला: मृत कामगाराची पत्नी साक्षीत निर्विकारपणे सांगते, की गटारातला वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरत असे.

या पायरीसाठी एकाच कथेची दोन रूपे शेजारी ठेवणे फार फलदायी ठरते. ‘सैराट’ आणि त्यावरून शशांक खेतान यांनी केलेला हिंदी ‘धडक’ (2018) लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावेत. करमाळ्याच्या परिसरातली कथा उदयपूरला गेली, मासेमारी करणाऱ्याचा मुलगा उपाहारगृह चालवणाऱ्याचा मुलगा झाला, आणि जातीचा उल्लेख ओझरता उरला. ‘सैराट’मध्ये दलित कवितेवर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कानाखाली पाटलाचा मुलगा भर वर्गात मारतो, हे दृश्य गाळले तर बाकीच्या हिंसेचे कारण प्रेमापुरते उरते.

तुलनेचा मुख्य गाभा मात्र उत्तरार्धात आहे, आणि तिथे घाई करू नये. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर गावातली बुलेट व ट्रॅक्टर चालवणारी आर्ची दुर्गंधीने कासावीस होते. तिला स्वयंपाक येत नाही. पर्शा डोशांच्या गाडीवर हात चालवतो, कारण कष्ट त्याच्या अंगात आहेत. पुढे ती कारखान्यात कामाला लागते, कमावते, आणि मग ज्याच्यासाठी तिने सारे सोडले तो पर्शाच तिच्यावर संशय घेतो, हात उगारतो. गावात जातीने दाबलेला मुलगा शहरातल्या खोलीत नवरा होतो. मंजुळे यांनी नायकाला हा डाग लावायचे धाडस केले, म्हणून मला हा भाग गाण्यांनी भारलेल्या पूर्वार्धापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. शेवटही पडताळावा. मराठीत दोघेही मारले जातात आणि रक्ताची पावले उमटवत मूल बाहेर पडते. हिंदीत पती आणि मूल मारले जातात व ती वाचते. कोणाला जिवंत ठेवले, यावरून कोणाची हानी भरून न येणारी मानली, ते कळते.

सातवी पायरी: श्रेयनामावली सोडू नका

पडद्यावरची नावे वर सरकू लागली की आपण उठतो. त्याऐवजी बसून पटकथा, छायाचित्रण, संकलन आणि दिग्दर्शन या चार नावांपुढे स्त्री की पुरुष एवढे लिहावे. पडद्यामागची वाटणी पडद्यावरच्या वाटणीइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण चित्रपटात काम करायला स्त्री मिळेना, त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यानंतर शंभर वर्षांनीसुद्धा हिंदी चित्रपटसृष्टीत रंगभूषा पुरुषाने आणि केशभूषा स्त्रीने करायची असा संघटनेचा दंडक होता. नोव्हेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. नायिकेच्या चेहऱ्याला रंग लावण्याचा हक्कही स्त्रीला न्यायालयातून मिळवावा लागला.

चर्चेला बसताना

गटात बसल्यावर मतांपासून सुरुवात करू नये, नोंदींपासून करावी. ‘मला वाटते’ऐवजी ‘मला अमुक दृश्यात दिसले’ असे वाक्य सुरू करण्याचा नियम घातला, की सर्वांत कमी बोलणारेही बोलू लागतात. कॅमेऱ्याने दाखवलेली गोष्ट कॅमेऱ्याला मान्य आहेच असे गृहीत धरू नये. ‘कोर्ट’मधले न्यायाधीश बाह्या नसलेले कपडे घातले म्हणून एका स्त्रीचे प्रकरण पुढे ढकलतात, तेव्हा चित्रपट त्यांच्या बाजूचा नसतो. जुन्या चित्रपटाला आजच्या शब्दांची सक्ती करू नये, पण त्याला सूटही देऊ नये. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मधील (1937) नीरा म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेले लग्न मानायला साफ नकार देते; हा नकार आज लिहिलेल्या कित्येक पटकथांना झेपत नाही.

गट टिकून राहिला तर त्याच्यासाठी एक मालिका सुचवतो, तीन दगडांची. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’च्या (1974) अखेरीस जमीनदाराच्या मुलाने मुक्या-बहिऱ्या किश्तय्याला निर्दयपणे मारल्यावर त्याची बायको लक्ष्मी शिव्याशाप देते, आणि मग एक लहान मुलगा वाड्याच्या खिडकीवर दगड भिरकावतो. मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) डुकरे पकडायला लावलेला कैकाडी समाजाचा जब्या शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे फेकतो आणि पडदा काळा होतो. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये (2024) कागदपत्रे नाहीत म्हणून बिल्डर घराबाहेर काढत असलेली पार्वती, जी रुग्णालयात स्वयंपाकीण आहे आणि जिची भूमिका छाया कदम यांनी केली आहे, परिचारिका प्रभाच्या सोबतीने रात्री आलिशान इमारतीच्या जाहिरात फलकावर दगड मारते. उच्च वर्ग हा मोजक्यांसाठी राखीव विशेषाधिकार आहे, असे त्या फलकावर अभिमानाने छापलेले आहे. तिन्ही दृश्ये एका बैठकीत दाखवावीत आणि प्रत्येकाने वहीत चारच रकाने भरावेत: दगड कोणाच्या हातात आहे, तो कशावर आदळतो, जिच्यावर अन्याय झाला ती स्त्री त्या क्षणी काय करते आहे, आणि दगड सुटल्यावर कॅमेरा कोणाकडे वळतो.